अंगणात गंजत पडलेली गाडी: आधी पत्रा, मग कागद, शेवटी इंजिन

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या मागच्या बाजूला ही गाडी असतेच. कोथरूड घ्या, एरंडवणे घ्या, सहकारनगर घ्या. टायर बसलेले, काचेवर धुळीचा आणि पाल्याचा थर, वर फाटकी ताडपत्री. कुणाच्या आजोबांची प्रीमियर पद्मिनी, कुणाच्या वडिलांची पहिली मारुती ८००. चालवणारा माणूस थकला किंवा गेला, नवी गाडी आली आणि ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणता म्हणता कित्येक पावसाळे तिच्यावरून गेले. आता घरातल्या कुणाला तरी वाटू लागलंय की ही पुन्हा रस्त्यावर यावी. ज्यांनी आजवर गाडीचं स्टेअरिंग धरलंय पण पाना कधी धरलेला नाही, अशांसाठी हा लेख आहे.

सगळ्यात आधी एक विनंती. किल्ली फिरवू नका. बॅटरी आणायची, थोडं पेट्रोल टाकायचं आणि ‘स्टार्ट होते का बघू’ म्हणायचं, हा मोह प्रत्येकाला होतो. पण बंद पडलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटलेल्या असू शकतात. स्टार्टरने जोर लावला की रिंग तुटते, सिलिंडरवर ओरखडे उठतात. टाकीतलं वर्षानुवर्षांचं पेट्रोल डिंकासारखं झालेलं असतं, ते कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, ओढलं जातं. वायर उंदरांनी कुरतडलेल्या असल्या तर बॅटरी जोडताच धूर निघू शकतो.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. समजा इंजिन लागलंच, तर सगळं घर हरखून जातं, पैसे ओतायला सुरुवात होते आणि दोन महिन्यांनी मिस्त्री गाडी जॅकवर घेतात तेव्हा जॅक पत्र्यातून आरपार वर येतो. पद्मिनी असो, अँबॅसेडर असो की ८००, या गाड्यांना जीपसारखी खाली वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडा हीच चासी. पद्मिनीचं १,०८९ सीसीचं इंजिन काय किंवा ८०० चं तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन काय, उघडून पुन्हा बांधता येतं, सुटे भाग शोधले तर मिळतात. सांगाडा कुजला असेल तर मात्र खर्चाला तळ राहत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: पत्रा, कागद आणि मग इंजिन.

बघायला जा पावसात, काम काढा दिवाळीनंतर

पहिली तपासणी जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस पडून गेल्यावर लगेच करावी, असं माझं ठाम मत आहे. कोरड्या दिवसांत गाडी फसवते. पावसानंतर दार उघडलंत की पाणी कुठून आत येतं आणि कुठे साठतं ते समोर दिसतं, आणि पाणी जिथे साठतं तिथेच गंज असतो. वेल्डिंग, प्रायमर, रंग ही कामं मात्र दिवाळी ते होळी या कोरड्या काळातच काढा. दमट हवेत मारलेल्या प्रायमरखाली ओल अडकते आणि पुढच्या पावसाळ्यात रंगाला फोड येतात.

जाताना जाड हातमोजे, बूट, टॉर्च, जुना बोथट स्क्रू ड्रायव्हर, फडक्यात गुंडाळलेलं एक लोहचुंबक आणि मोबाइल घ्या. दार किंवा बॉनेट उघडण्याआधी गाडीवर चार थापा मारा आणि थोडं थांबा. बाणेर, वारजे, धायरी अशा टेकड्यांच्या किंवा मोकळ्या जागांच्या कडेला पडलेल्या गाड्यांत नाग-घोणस सापडणं नवलाचं नाही. उंदीर असले की त्यांच्यामागे साप येतोच. दिसला तर काठी शोधू नका. दूर व्हा आणि सर्पमित्रांना किंवा वनखात्याला बोलवा. आरशाच्या मागे आणि दाराच्या फटीत गांधीलमाश्यांचं पोळंही असतं.

पत्र्याची परीक्षा

इथे घाई करू नका. एक पूर्ण सकाळ द्या.

गंज तीन प्रकारचा दिसेल. पहिला वरवरचा: तपकिरी पावडर, बोटाला लागते, खाली पत्रा घट्ट. याची काळजी नाही. दुसरा पापुद्र्यांचा: स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं की खपल्या निघतात आणि पत्रा पातळ झालेला जाणवतो. तिसऱ्यात पत्रा उरलेलाच नसतो, नुसता रंग आणि गंज मिळून पत्र्याचं सोंग आणतात. लोखंडापेक्षा गंज जास्त जागा घेतो, म्हणून रंग आतून फुगतो. बाहेर रुपयाएवढा फोड दिसला तर आतलं नुकसान त्याहून बरंच मोठं आहे असं धरून चाला, कारण गंज जवळपास नेहमी आतल्या बाजूने सुरू होतो.

सुरुवात पायाखालून करा. मॅट उचला, त्याखालचं नमदं किंवा फोम उचला. ओलं असेल तर ते तसंच बाहेर काढून टाका, परत घालू नका. आता स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने फ्लोअरवर ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला बद्द वाजतो. शंका आली तिथे टोक दाबा. भीड बाळगू नका. जो पत्रा तुमच्या हाताच्या जोराने फाटतो तो खड्ड्यातल्या आदळण्याला टिकणारच नव्हता.

मग दाराखालची पोकळ पट्टी, जिला गॅरेजमध्ये रनिंग बोर्ड म्हणतात. गाडीची बरीचशी ताकद या दोन पट्ट्यांत असते. आत साठलेलं पाणी बाहेर पडायला खाली बारीक भोकं ठेवलेली असतात, ती मातीने बुजली की पट्टी आतून कुजते. दारं उघडझाप करून बघा. दार खाली लोंबतंय, लॉकशी जुळत नाहीये, तर एकतर बिजागरी झिजली आहे किंवा सांगाडाच वाकतोय. दुसरी शक्यता असेल तर नीट जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

यानंतर समोरची काच आणि बॉनेट यांच्यामधली खोबण बघा. झाडाखाली उभ्या गाडीत हीच जागा सगळ्यात आधी जाते. पाला इथे पडतो, कुजतो, पाण्याची वाट बुजवतो आणि स्पंजसारखी ओल धरून ठेवतो. पाणी मग डॅशबोर्डमागून आत उतरतं. सीटखालचा फ्लोअर सडलेला असेल तर त्याचं मूळ बहुतेकदा इथे असतं, आणि ही जागा न सुधारता नवा फ्लोअर बसवणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

बॅटरीचा ट्रे, डिकीत स्टेपनीची जागा, चाकांवरच्या कमानी आणि दारांच्या खालच्या कडा यांवर नजर टाका. हे सगळं दुरुस्त होतं. पण सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलं जातं त्या जागा नीट बघा: पद्मिनीत मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे लटकतात ती टोकं, ८०० मध्ये पुढचे शॉक ॲब्सॉर्बर जिथे वर टेकतात त्या घुमटांभोवतीचा पत्रा. इथे भोकं असतील तर गाडी चालवणं जिवाशी खेळ आहे.

चुंबक कशासाठी, तर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, ओळखायला. पूर्वी कधीतरी डेंटिंग-पेंटिंग झालेलं असेल तर भोकांवर लांबी भरून रंग मारलेला असू शकतो. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे जाड लांबी आहे. असे भाग खडूने खुणा करून ठेवा आणि प्रत्येक जागेचा फोटो काढा. डेंटरशी बोलताना हे फोटो तुमच्या फार कामी येतात.

गाडी मुंबईहून किंवा कोकणातून आलेली असेल तर ही परीक्षा दुप्पट कडक करा. खाऱ्या हवेत राहिलेली गाडी वरून पुण्यातल्या गाडीसारखीच दिसली तरी आतून जास्त खाल्लेली असते.

कागद

चासी नंबर आधी शोधा. बहुतेक गाड्यांत तो इंजिनमागच्या आडव्या पत्र्यावर कोरलेला असतो. तारेच्या ब्रशने खसाखसा घासू नका. डिझेल लावून मऊ ब्रशने साफ करा, फोटो काढा, कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या. आरटीओत हाच ठसा लागतो. गंजाने नंबर खाल्ला असेल तर काम अडतं, म्हणून एक रुपयाही खर्च करण्याआधी हे बघायचं. इंजिन नंबरही आरसीबुकाशी जुळवा. मधे कधी इंजिन बदललं असेल आणि त्याची नोंद नसेल, तर ती नोंद करून घ्यावी लागते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी होऊन दर वेळी ५ वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी फॉर्म २५. मालक हयात नसतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. गाडी कर्जावर घेतलेली असेल आणि आरसीवर अजून बँकेचं नाव असेल, तर ते आधी उतरवून घ्या. बँकांचं विलीनीकरण झालेलं असतं, जुनी शाखा सापडत नाही, त्यामुळे हे काम लवकर हाती घ्या. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून कारसाठी ५,००० रुपये झाली, आणि २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या कारसाठी १०,००० रुपये. उशिराचा दंड आणि महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. जायच्या आधी परिवहन पोर्टलवर चालू दर बघून घ्या.

पुण्याचं मुख्य आरटीओ कार्यालय संगम पुलाजवळ, एमएच १२ साठी. पिंपरी-चिंचवडची एमएच १४ वेगळी. खूप जुन्या, एमएच मालिका सुरू होण्याआधीच्या गाड्यांची नोंद संगणकावर चढलेलीच नसते. तेव्हा मूळ आरसीबुक दाखवून बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. म्हणून घरातली जुनी कपाटं, फायली, देवघराखालचा कप्पा, सगळीकडे शोधा. आरसीबुक, टॅक्सची पावती, जुनी विमा पॉलिसी, जे सापडेल ते जपून ठेवा.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्याचसाठी ती रस्त्यावर आणता येते.

गाडी शेजाऱ्यांची असेल आणि तुम्हाला घ्यायची असेल, तर बोलणी हळुवारपणे करा. ‘काकू, ही भंगारात देणार का?’ असं विचारू नका. ‘काकांची गाडी मी नीट करून चालवली तर तुम्हाला चालेल का?’ असं विचारा. त्या गाडीत त्यांच्या आयुष्यातल्या सहली आहेत, दवाखान्याच्या फेऱ्या आहेत, मुलीची पाठवणी आहे. आणि होकार मिळाला तरी तोंडी व्यवहारावर थांबू नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या.

आता ठरवा

सांगाड्याच्या महत्त्वाच्या जागा शाबूत, नंबर वाचता येतो, कागद सापडतात, असं असेल तर पुढे जा. फ्लोअरला भोकं, कमानी सडलेल्या, एवढ्याने खचू नका. पण सस्पेन्शनच्या जागा आणि दोन्ही रनिंग बोर्ड एकदम गेलेले असतील, आणि तुमचा हा पहिलाच प्रयत्न असेल, तर ही गाडी तुमच्यासाठी नाही. तिचे चांगले भाग दुसऱ्या गाडीला जीवदान देऊ शकतात.

सोडून द्यायचं ठरलं तर ती दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊ नका, कारण नोंद तुमच्याच नावावर राहते. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्या, तिथे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, त्यावर आरटीओत नोंदणी रद्द होते आणि नवी गाडी घेताना करात सवलतही मिळते. रस्त्यावर उभी असेल तर निर्णय लांबवू नका. महापालिका बेवारस वाहनांवर नोटीस चिकटवते आणि नंतर उचलून नेते.

गाडी हलवणं

दोरीने टोचन करून नेऊ नका. ब्रेक जाम असतात किंवा अजिबात नसतात, आणि नोंदणी संपलेली गाडी चालवत नेणं बेकायदा आहे. फ्लॅटबेड बोलवा. आदल्या दिवशी टायरमध्ये हवा भरून बघा, निदान चढवण्यापुरती टिकली तरी पुरे. चाक फिरत नसेल तर ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले असतात. हँडब्रेक सोडा, ड्रमच्या कडेने लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने हलके ठोका. गाडीखाली जायचं झालं तर नुसत्या जॅकवर कधीही नाही. घोड्या (लोखंडी स्टँड) लावा, त्याही घट्ट पत्र्याखाली किंवा ॲक्सलखाली.

इंजिन जागं करणं

स्पार्क प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे डिझेल आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल यांचं मिश्रण घाला आणि काही दिवस तसंच मुरू द्या. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावा आणि हाताने अगदी सावकाश मागे-पुढे करा. हललं नाही तर लांब पाइप लावून जोर करू नका. पुन्हा तेल, पुन्हा वाट. धीर धरला तर बरीच इंजिनं अशी सुटतात. नाहीच सुटलं तर हेड (इंजिनाचं वरचं झाकण) उघडून रिबोरिंगपर्यंत, म्हणजे सिलिंडर आतून कोरून घेण्यापर्यंत, जावं लागेल, ते मिस्त्रींचं काम.

फिरायला लागलं की जुनं ऑइल काढून टाका. ते दुधाळ दिसलं तर ऑइलमध्ये पाणी गेलंय, आधी कारण शोधा. नवं ऑइल आणि फिल्टर घालून, प्लग न लावता, हाताने बऱ्याच वेळा फिरवा. ८०० ला टायमिंगचा पट्टा आहे, तो डोळे झाकून नवा टाका, कारण उभ्या उभ्या कडक झालेला पट्टा कधी तुटेल सांगता येत नाही. पद्मिनीला साखळी आहे, ती चिंता नाही. रेडिएटरचं लालसर पाणी काढून ब्लॉक स्वच्छ होईपर्यंत धुवा, सगळे होज नवे घाला.

पेट्रोलच्या बाबतीत आज एक नवी अडचण आहे. पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. या जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केटं इथेनॉलसाठी बनलेली नाहीत, ती फुगतात आणि चिरतात. गळतं पेट्रोल गरम इंजिनावर पडलं तर आग लागते. म्हणून इंधनाची प्रत्येक रबरी वस्तू इथेनॉल सोसणारी नवी टाका. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, त्यामुळे टाकी भरून महिनोन्‌महिने गाडी उभी करू नका. टाकी उतरवून जुनं पेट्रोल मोकळ्या हवेत काढा, गटारात ओतू नका. टाकीला भोक असेल तर घरी झाळणं किंवा वेल्डिंग मुळीच नाही, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते.

पहिल्यांदा चालू करताना गाडीच्या टाकीऐवजी छोट्या बाटलीतून ताजं पेट्रोल द्या, जागा मोकळी असू द्या आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा. बॅटरी जोडण्याआधी सगळ्या वायरी डोळ्यांनी तपासा, निगेटिव्ह सर्वात शेवटी जोडा.

ब्रेक आणि टायर: इथे काटकसर नाही

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि सिलिंडर आतून गंजतात. मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर उघडून बघा. आत खड्डे पडले असतील तर नुसतं किट बदलून भागत नाही, सिलिंडरच नवा लागतो. रबरी होज सगळे नवे, लोखंडी नळ्या गंजल्या असतील तर त्याही. टायरवर नक्षी कितीही छान दिसो, बाजूच्या भिंतीवरचा चार आकडी शिक्का वाचा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१५ म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा. उभ्या गाडीचे टायर पाचही नवे घ्या.

डेंटरकडे काय सांगायचं

‘पत्र्यावर पत्रा नको.’ सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढायचा आणि तिथे तेवढ्याच जाडीचा नवा जोडायचा. वरून पट्टी ठोकली की दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकतं आणि काम दोन पावसाळ्यांत वाया जातं. सीओटू वेल्डिंग करणारा शोधा. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा लहरतो. रनिंग बोर्ड कापायचा असेल तर आधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार वेल्ड करून घ्यायचा, नाहीतर गाडी मधोमध वाकते आणि दारं पुन्हा कधी बसत नाहीत. हे त्यांनी आपणहून सांगितलं तर माणूस योग्य आहे.

वरवरच्या गंजाचं काम तुम्ही स्वतः करू शकता. चष्मा आणि मास्क लावून तारेच्या ब्रशने चकाकी येईपर्यंत घासा, कोपऱ्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा, ते काळं पडून वाळलं की एपॉक्सी प्रायमर. साधा प्रायमर पाणी पितो, त्यामुळे नुसत्या प्रायमरवर गाडी पावसात ठेवू नका. पोकळ भागांत शेवटी मेणाचा किंवा तेलाचा फवारा मारून घ्या, आणि खालची भोकं मोकळी राहिली आहेत ना ते तारेने तपासा.

सुट्या भागांसाठी नाना पेठेत आधी जा. जुना नमुना हातात घेऊन जा, तोंडी वर्णनावर चुकीचा भाग पदरी पडतो. तिथे न मिळणारे दिवे, हँडल, मोनोग्राम, घड्याळं मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी शोधा. सकाळी लवकर गेलात तर निवड जास्त.

सगळं झालं की आरटीओची तपासणी, विमा, पीयूसी आणि हाय सिक्युरिटी नंबरप्लेट. तपासणीलाही फ्लॅटबेडवरच न्या. नवं आरसी हातात आलं की पहिले काही दिवस घरापासून पाच-सात किलोमीटरच्या आतच फिरवा. प्रत्येक फेरीनंतर गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा आणि सकाळी बघा: हिरवं किंवा लाल पाणी रेडिएटरचं, काळं तेल इंजिनाचं, चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ब्रेकचं, आणि ते थांबल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही. उभी करताना छपराखाली करा. छप्पर नसेल तर हवा खेळणारं कापडी कव्हर घ्या, प्लॅस्टिकची ताडपत्री आतला दमट वाफारा पत्र्यावरच धरून ठेवते. आणि आठवड्यातून एकदा इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवाच.